घंटेकडे चालायचं

शिराओच्या डोंगरावर ओमोकागे नावाचं तळं आहे. उन्हाळ्यात तिथे रोज माणसांची रीघ लागते, आणि त्यातली निम्मी तरी कियोएला तेच वाक्य ऐकवतात, "ओकामी-सान, तुम्ही स्वर्गात राहता हो!"

कियोए हसते. मालकीणबाईंनी हसायचंच असतं. "तुमच्यासारखी माणसं येतात म्हणून स्वर्ग," असं काहीतरी ती बोलते आणि करीच्या पातेल्यात पुन्हा डाव फिरवायला लागते. मनात मात्र म्हणते, स्वर्गात राहायला आधी मरावं लागतं बाई, आणि मला इथे मरायला सवड आहे का!

खरं सांगायचं तर माणसांचं काही चुकत नाही. सकाळी रोपवेने वर यायचं, फळ्यांच्या वाटेने दोन-अडीच तास चालायचं. दोन्ही अंगाला पिवळ्या लिलीची फुलं, पांढऱ्या चिंगुरुमाचे गालिचे, खडीत एकट्याच उगवणाऱ्या गुलाबी कोमाकुसा. मधे एका घळीत भर ऑगस्टातही बर्फ. आणि चढ संपला की समोर तळं, तळ्यात उलटा पडलेला अख्खा डोंगर. फोटो काढायचा, डब्यातली ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, खायची, कियोएच्या हातची करी किंवा गरम नूडल्स घ्यायच्या, आणि रोपवेचा शेवटचा पाळणा चुकू नये म्हणून घाईघाईने उतरायचं. एका दिवसाचा स्वर्ग कुणालाही गोड लागतो. संध्याकाळी मुक्कामाला राहिलेले चाळीस-पन्नास जण सोडले तर तळ्यावर चिटपाखरू नसतं. मग कियोए भांडी घासते.

जूनच्या शेवटी डोंगर उघडतो, ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला की बंद होतो. मधले महिने कियोए आणि तिचा नवरा तामोत्सु तळ्याकाठच्या त्या लाकडी मुक्कामघरात. तांदूळ, गॅस, बिअर हेलिकॉप्टरने येतं. मुलगा ओसाकाला नोकरीला आहे. डोंगराचं नाव काढलं की त्याला एकदम ऑफिसचं काम आठवतं. शहाणा आहे पोरगा, वेळेवर सुटला.

कियोएला नाही सुटता आलं. आणि ती अडकली कशी, तर एका घंटेपायी.

ती मूळची समुद्राकाठची, उराहामा नावाच्या कोळ्यांच्या गावची. बाविशीत होती तेव्हा एका उन्हाळ्यापुरती इथे कामाला आली. एकच उन्हाळा, असं आईला, योनेला, सांगून आली होती. "डोंगर बघते, चार पैसे घेते आणि येते." आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीच दाट धुकं चढलं. इथे धुकं खालून येतं, दरीतून, आणि बघता बघता समोरच्या माणसाचा हातसुद्धा दिसेनासा होतो. तेव्हाचे मालक म्हणजे तामोत्सुचे वडील, जिन्झो. त्यांनी एका बंद पडलेल्या शाळेची घंटा विकत आणून ओसरीला टांगली होती. धुकं आलं की ती वाजवायची, वाटेवरच्या माणसांनी आवाजाच्या रोखाने यायचं. त्या दिवशी सगळे कामात, म्हातारा ओरडला, "ए नवी पोरगी, दोर धर!"

कियोएने दोर धरला आणि वाजवली. तीन ठोके, मग थांबायचं. पुन्हा तीन, पुन्हा थांबायचं. घाई नाही, ढिलाई नाही. तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती. उराहामाला धुकं पडलं की बंदराच्या धक्क्यावर बायका रॉकेलचे रिकामे डबे बडवत उभ्या राहायच्या, आणि योनेचा डबा असाच वाजायचा, तीन आणि थांबायचं. थांबायचं अशासाठी, की होडीवरच्या माणसाला नुसता आवाज पुरत नाही, कान टवकारायला जागाही लागते. आईच्या पदराला धरून कियोए हे बघत आली होती. बापाची होडी किती वेळा तरी त्या डब्याच्या आवाजावर घरी आली होती.

त्या संध्याकाळी झाडून सगळी माणसं सुखरूप आली. जिन्झो ओसरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "या पोरीच्या हाताला वळण आहे."

पुढचं काय सांगायचं! तामोत्सुला ती आवडली होती हे खोटं नाही. पण त्याच्या आधी म्हाताऱ्याला आवडली होती, आणि ती नव्हे, तिचा हात. पानं लाल व्हायच्या आत लग्नाचं ठरलं. योने फोनवर म्हणाली, "एक उन्हाळा म्हणाली होतीस ना गं?" आणि मग हसली. आईचं हसू असंच होतं, नेमकं रडायच्या ठिकाणी येणारं.

जिन्झोंनी सुनेला एकच नियम घालून दिला. धुकं आहे आणि वाटेवर माणूस आहे, तोवर दोर सोडायचा नाही. म्हातारा जाऊन कैक वर्षं झाली, नियम आहे तिथेच आहे. आणि ऑगस्टात धुकं कधी येतं? जवळजवळ रोज दुपारी. आणि माणसं कधी येतात? ऑगस्टातच. म्हणजे बघा, साखळी काही वेगळी असते का?

मुक्कामाच्या प्रत्येक माणसाला कियोए रोज सकाळी दारात उभी राहून सांगते, "धुकं आलं तर डोकं चालवू नका. वाट शोधू नका. थांबा, घंटा ऐका आणि घंटेकडे चाला." हे ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोललीये की झोपेतही बोलते, असं तामोत्सु सांगतो.

घरामागे दहा-पंधरा मिनिटं चढलं की कडा लागतो. पहाटे हवा स्वच्छ असली की तिथून थेट समुद्र दिसतो, उराहामाची किनारपट्टीसुद्धा. नव्या नवरीला पहिल्यांदा दिसला तेव्हा ती आनंदाने ओरडली होती. हळूहळू तिने तिकडे जायचंच सोडलं. दिसतं आणि जाता येत नाही, यापेक्षा न दिसलेलं बरं.

आता ओबोनचं. ऑगस्टच्या मध्यावर सगळे मेलेले आपापल्या घरी येतात आणि जिवंत असलेलेही. सगळा देश गावाकडे धावतो आणि ज्यांना गावाला जायचं नाही ते डोंगरावर धावतात. म्हणजे ओबोन म्हटलं की तळ्यावर जत्रा. लग्न झाल्यापासून कियोए एकदाही ओबोनला माहेरी गेली नाही. बाप गेला, त्याचा पहिला ओबोन आला, तेव्हाही ती इथे भात उपसत होती. नवीन वर्षाला जायची, चार दिवस राहायची. आई म्हणायची, "आलीस? बर्फाने सोडलं वाटतं. माणसं काही तुला सोडायची नाहीत." उरलेलं वर्ष फोन. तळ्याच्या टोकाला एक खडक आहे, त्यावर उभं राहिलं तरच फोन लागतो. पाय ओले करत तिथे उभं राहायचं आणि आईची खिल्ली ऐकायची. "परक्यांना धुक्यातून घरी आणतेस, स्वतःची मात्र वाट विसरलीस."

"गुडघे बरे आहेत का?"

"गुडघे माझ्याजवळच आहेत. तुझ्यासारखे पळून नाही गेले."

मागच्या सप्टेंबरात योने आजारी पडली. खडकावरून शेवटचं बोलणं झालं तेव्हा आवाज पार खोल गेला होता, पण जिभेची धार तशीच. म्हणाली, "जिवंतपणी काही जमलं नाही आपलं. आता पहिल्या ओबोनला तरी ये. तेव्हा मी नक्की घरी असेन बघ."

"आई, असं काय बोलतेस!"

"येशील ना? तुझ्या हातची आग बघून येईन मी. काझुहारुला धड पेटवता येत नाही, नुसता धूर करतो." काझुहारु म्हणजे कियोएचा धाकटा भाऊ.

मग वादळ आलं. रोपवे दोन दिवस बंद. तो सुरू झाल्यावर कियोए घरी पोचली तेव्हा आई पांढऱ्या कापडात बांधलेल्या अस्थींच्या पेटीत होती. कियोएने पेटी मांडीवर घेतली. मांजराएवढंसुद्धा वजन नव्हतं तिला. बघायचं राहिलं, बोलायचं राहिलं, सगळंच राहिलं. उरला तो फक्त पहिला ओबोन. गेलेलं माणूस पहिल्यांदा घरी येतं ती संध्याकाळ. तेरा ऑगस्टला दारात आग लावायची, तिच्या उजेडावर ते वाट ओळखतं. दुसरा, तिसरा, दहावा ओबोन दरवर्षी येत राहतो. पहिला एकदाच येतो.

या वर्षी डोंगर उघडला त्या दिवसापासून कियोएच्या मनात दुसरं काही नव्हतं. तामोत्सुशी बोलायचं होतं, पण ते काय सोपं काम! तरुणपणी त्याने पाठीवर ओझी वाहून आणली, त्यात उजवा खांदा गेला आणि बोलणंही बहुतेक तिथेच गेलं. जुलैत एका रात्री जेवताना तिने विषय काढलाच.

"अहो, या ओबोनला मी जाणार आहे. आईचा पहिला आहे."

"हं."

"हं म्हणजे?"

"गर्दी असते."

"दरवर्षीच असते. आई दरवर्षी नाही मरत."

तामोत्सुने भाताचा वाडगा खाली ठेवला. बराच वेळ लोणच्याच्या मुळ्याकडे बघत बसला, मुळा काही सांगणार असल्यासारखा. मग म्हणाला, "स्वयंपाक पोरी बघतील. घंटा मी बघतो. जा तू."

"खांदा?"

"डावा आहे की!"

कियोए उठून मागे गेली आणि तांदळाच्या पोत्याला टेकून पोटभर रडली. इतक्या वर्षांत हा माणूस कधी वाईट वागला नव्हता. पण सुटी दिली होती ती आजच.

ऑगस्ट लागला तशी तिने तयारी सुरू केली. मुळे खारवले, चार दिवसांची करी करून ठेवली, स्वयंपाकातल्या दोन कॉलेजच्या मुलींना भाताचं पाणी शिकवलं. या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. घळीतल्या बर्फावर वाट दिसावी म्हणून तांबडी पूड टाकतात. पाऊस पडला की ती धुऊन जाते, मग कियोएने पिशव्या भरून द्यायच्या आणि तामोत्सुने जाऊन पुन्हा टाकायची. दहा तारखेला पाऊस झाला. "उद्या भरून देते," ती म्हणाली. उद्या करी होती, परवा मुळे होते. हवा स्वच्छ असताना पूड कुणाला लागते? चालून चालून बर्फावर पायवाट पडलेलीच असते.

तेराला पहाटे तिने खाली उतरायचे बूट घातले, तेवढ्यात मुली धावत आल्या. न्याहारीचा भात करपला होता, एक पातेलंच्या पातेलं. बूट काढले, भात पुन्हा टाकला. मग दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या, कालच्या मुक्कामाच्या. थोरलीच्या बुटाचा तळ सुटून जबडा वासलेला. कियोएने तो तारेने आवळून बांधून दिला.

"ओकामी-सान, तुमचे उपकार कसे फेडू! आणि काय जागा आहे हो! स्वर्गात राहता तुम्ही!"

"हो ना," कियोए म्हणाली आणि तार जरा जास्तच पिळली.

निघेपर्यंत साडेनऊ झाले. तरी हरकत नव्हती. बाराच्या आत रोपवे, मग खाली बस, दीडची गाडी, पाचच्या आत उराहामा. आग दिवेलागणीला लावायची. तामोत्सु ओसरीवर घंटेखाली उभा होता. नवीन दोर बांधला होता त्याने. "आईंना माझा नमस्कार सांग," म्हणाला. कियोए घळीच्या दिशेने उतरायला लागली आणि पहिल्या वळणावर तिला चक्क हसू आलं. हातात पातेलं नाही, दोर नाही, ऑगस्टचा महिना, आणि आपण चालतोय!

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की फुलं आहेत. जूनमध्ये ती वर येते तेव्हा सगळं बर्फाखाली असतं. ऑक्टोबरात उतरते तेव्हा सगळं वाळलेलं असतं. ज्या फुलांचं वर्णन ती रोज करीबरोबर वाढायची, ती तिने या वाटेवर कधी पाहिलीच नव्हती. चिंगुरुमाची फुलं गळून त्यांचे पिसांचे भोवरे झाले होते, वाऱ्यावर सगळे एका बाजूला कलले होते. "अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली. एवढी वर्षं दारात स्वर्ग होता आणि आपण घरात.

पण हे सुख फार टिकलं नाही. ओबोनची गर्दी वर यायला लागली. आणि या डोंगरावर रीत अशी, की चढणाऱ्याला वाट द्यायची. उतरणाऱ्याने फळ्यांवरून बाजूला होऊन थांबायचं, चढणाऱ्याने नमस्कार घालत जायचं, आणि उतरणाऱ्याने तो परत करायचा. दुसरं कुणी असतं तर घुसलंही असतं मधे. पण मालकीणबाईच घुसली तर उद्या सगळ्या डोंगराची रीत मोडायची! कियोए थांबली. पन्नास जणांची एक टोळी गेली.

"नमस्कार!" "नमस्कार!" "नमस्कार!"

दहा पावलं झाली की दुसरी टोळी.

"अरे, ओकामी-सान तुम्ही! मग करी आहे ना?"

"आहे, आहे."

"आणि जागा? आम्ही सहा जण."

"आहे, जा तुम्ही."

"फोटो काढू या का एक?"

एक म्हातारबुवा तर तिच्यापुढे येऊन धापा टाकत उभेच राहिले. त्यांना सांगायचं कसं, की आजोबा, मला घाई आहे, माझी आई यायचीय? तिने त्यांना पाणी दिलं. घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून गेले आणि अजून घळही आली नव्हती. ती पुटपुटायला लागली, "या, या, सगळे या, कुणी राहू नका." शेवटी लाज सोडून ती फळ्यांच्या कडेने, गवतावर पाय पडणार नाही अशी, तोल सांभाळत सरकत राहिली.

घळीशी पोचली आणि खालून धुकं आलं.

दुपारी यायचं धुकं आज सकाळीच! पहिल्यांदा खालची झाडं गेली, मग पलीकडचा काठ, मग बर्फ आणि धुकं यांतली रेघच गेली. तरी ती बर्फावर उतरली. घळ ओलांडली की पलीकडे पुन्हा फळ्या, फळ्यांवरून थेट रोपवे. जेमतेम काही मिनिटांचं अंतर. पावलं मोजून टाकली तर? ती चालली, चालली, आणि पायाखालचा उतार बदलला. पलीकडचा काठ यायला हवा होता, आला नाही. पायवाट बघायला ती वाकली. बर्फावर नुसते खळगे, सगळीकडे सारखे. तांबड्या पुडीचा कणसुद्धा नाही. आणि कुठूनतरी खालून, बर्फाच्या पोटातून, पाण्याचा आवाज.

तो आवाज कसला ते तिला पक्कं माहीत होतं. ऑगस्टात घळीच्या खालच्या अंगाला बर्फ आतून पोकळ होतो. हेही ती रोज दारात उभी राहून सांगत असे. डावीकडे राहा, खाली सरकू नका. पण डावी कुठली? कियोए उभी राहिली. लोकांना जन्मभर जी वाट सांगितली ती ऑगस्टात आपण आज पहिल्यांदा चालतोय, हे तिला तेव्हा कळलं.

तेवढ्यात वरून घंटा वाजली. तीन ठोके आणि थांबणं.

तामोत्सु. डाव्या हाताचा ठोका जरा अडखळत होता, पण होता बरोबर. आवाज पाठीमागून येत होता. म्हणजे पाठीमागे घर. मग घराच्या उलट गेलं की रोपवे! तिने पाठ नीट आवाजाकडे केली आणि एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. पण आवाजाकडे जाता येतं, आवाजाच्या उलट जायला कुठलं टोक असतं? जरा चुकलं की पोकळ बर्फ. तिसरं पाऊल टाकायला तिने पाय उचललाच होता.

"कोण आहे? कुणी आहे का हो?"

धुक्यातून दोन आकृत्या आल्या, हात धरून. बुटाला तार बांधलेली थोरली आणि तिची धाकटी. रडवेल्या झाल्या होत्या. कियोएला ओळखताच धाकटीने तिचा दंडच धरला.

"ओकामी-सान! देवासारख्या भेटलात! आम्हाला काही सुचेना. पण तुम्ही सांगितलेलं आठवलं बघा. डोकं चालवायचं नाही, घंटेकडे चालायचं. हो ना?"

कियोए घंटेकडे पाठ करूनच उभी होती.

"हो ना?" थोरलीने विचारलं.

आपण एकटं असतो तर तिसरं पाऊल टाकलं असतं, हे कियोएला ठाऊक होतं. चौथंही टाकलं असतं. आईसाठी टाकलं असतं. पण दंडाला दोन म्हाताऱ्या लोंबकळत होत्या आणि एकीचा बूट तारेवर होता. तिला त्या क्षणी त्या दोघींचा इतका राग आला, इतका राग आला की एक धक्का द्यावा. मग तिच्या तोंडून, जन्मभर निघालं तेच निघालं.

"हो. घंटेकडे चालायचं."

आणि ती चालायला लागली. तीन ठोके, थांबणं. तीन ठोके, थांबणं. थांबल्यावर कान टवकारायचे, पुन्हा चालायचं. वाटेत आणखी माणसं मागे लागली, एक कुटुंब, दोन विद्यार्थी, तो धापा टाकणारा म्हातारा. वाटेतल्या फुलांपैकी एकही तिला दिसलं नाही. पाय आपोआप पडत होते. घड्याळ तिने बघितलं नाही.

ओसरीवर तामोत्सु घामाने निथळत उभा होता. कधी डाव्या, कधी उजव्या हाताने ओढत होता, तळवे सोलले होते. धुक्यातून ती पुढे आली तसा त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग एकदम फुलला. "आलीस! ऐकलीस ना? मला वाटलंच, तू घळीत सापडली असशील. हात सोडला नाही मी. एक क्षण सोडला नाही!" बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढं एका दमात तो लग्नातसुद्धा बोलला नव्हता.

कियोए त्याच्याकडे बघत राहिली. याने वाजवली नसती तर आपण मेलो असतो. याने वाजवली नसती तर आपण पोचलोही असतो. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. तिने त्याच्या हातातून दोर घेतला.

"माणसं आहेत अजून वाटेवर," एवढंच म्हणाली.

दुपारभर ती वाजवत राहिली. एकेक टोळी येत गेली. शेवटच्या पाळण्याची वेळ निघून गेली, शेवटच्या गाडीचीही गेली. आत मुलींनी करी वाढली. तामोत्सुने जेवायच्या काड्या उचलल्या आणि त्या त्याच्या बोटांतून गळून पडल्या. उजवा हात तर दुपारीच निकामी झाला होता, आता डावाही खांद्यातून उचलेना. "उद्या पहाटे जा," तो मान खाली घालून म्हणाला. "मी बघतो इथलं." एका मुलीने त्याला चमच्याने भरवलं. कियोएने ते पाहिलं. उद्या धुकं येणार, परवा येणार, आणि दोर कोण धरणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

अंधारायला लागलं तशी ती तळ्याच्या टोकाला गेली, खडकावर चढली आणि उराहामाला फोन लावला. मित्सुएने उचलला, काझुहारुच्या बायकोने.

"ताई, आम्ही थांबलो होतो तुमच्यासाठी. मग लावली शेवटी. पण काय सांगू, इथेही धुकं आलंय समुद्रावरून. समोरचं घर दिसत नाही. लाकडं ओली झाली, नुसता धूर होतोय."

मागून काझुहारु म्हणाला, "सांग तिला, आई येईल. रस्ता काय नवा आहे तिला?"

"या धुक्यात?" मित्सुए हळूच म्हणाली. "आपली आग आपल्यालाच दिसत नाहीये."

कियोए फोन कानाला लावून उभी होती. पाय भिजले होते. आईचं म्हणणं खरं निघालं, काझुहारुने नुसता धूरच केला. मग "ठेवते गं" म्हणून तिने फोन बंद केला आणि घराकडे आली.

ओसरीवर तामोत्सु मुक्कामाची माणसं पुन्हा पुन्हा ताडून बघत होता. आत हसण्याखिदळण्याचे आवाज होते, त्या दोघी बहिणी कुणालातरी धुक्याची गोष्ट रंगवून सांगत होत्या. दोर नुसता लोंबत होता. कियोएने तो धरला. तीन ठोके, आणि थांबली. पुन्हा तीन, आणि थांबली, कान टवकारायला जागा ठेवून, अगदी डब्यावर वाजायचे तसे.

"अगं, सोड आता," तामोत्सु म्हणाला. "सगळे आले."

"नाही. एक बाई यायच्या राहिल्यात."

"कोण? माझ्या हिशेबात सगळे आहेत."

"म्हातारी आहे," कियोए म्हणाली आणि दोर ओढला. "गुडघे दुखतात तिचे. वेळ लागेल."